चिंचोक्याची शपथ

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी भाग क्रमांकासकट सांगू शकते. भाग सत्तावीस, नाव 'चिंचोका'. चौदाव्या मिनिटापासून पुढची साडेतीन मिनिटं. तेवढी मी कापली, आणि कापल्यावर खाली सही केली.

दोन हजार दहा-बाराच्या सुमाराला तुम्ही सात-आठ वर्षांचे असाल तर 'खंड्याची टोळी' ही कार्टून मालिका तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. खंड्या म्हणजे निळी टोपी घालणारा, पुढचे दोन दात पडलेला मुलगा. त्याच्यासोबत सुमी, जाड्या बापू आणि एक पाळलेलं मुंगूस. दर रविवारी सकाळी हे चौघं काहीतरी उद्योग करून ठेवायचे, मग तो उद्योग मोठ्यांपासून लपवायचे, मग लपवण्यातून आणखी मोठा घोळ. शेवटी गाणं. 'गोष्ट पोटात, बोट नाकावर, टोळी जागेवर.' हे म्हणताना तर्जनी नाकाच्या शेंड्यावर ठेवायची. आमच्या वर्गातली झाडून सगळी पोरं ठेवायची. मी तर पोस्टकार्ड पाठवून टोळीचं सभासद कार्ड मिळवलं होतं. क्रमांक चव्वेचाळीसशे सतरा. लग्न करून नाशिकला आले तेव्हा आईकडून दागिन्यांच्या डब्यासोबत तेही आणलं, यावरून काय ते समजा.

त्यामुळे एका कंपनीने ती मालिका विकत घेऊन खंड्याला पुन्हा जिवंत करायचं ठरवलं आणि जुने एकशे चार भाग तपासायला मला बोलावलं, तेव्हा मी हरखून गेले. आजच्या मुलांना दाखवू नये असं जे असेल ते काढायचं, असं काम. मी बालवाङ्मयात पीएच.डी. केलेली बाई, कागदावर अगदी योग्य. प्रेमात पडलेल्या माणसाला परीक्षक नेमू नये, हे त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी बसले आणि एकेक भाग पाहिला. काळ्या रंगावरून बापूला चिडवायचे, ते काढलं. सुमी कायम भाकऱ्या भाजते, ते काढलं. आणि मार काढला. खंड्याचे बाबा, अण्णा, उठल्यासुटल्या हात उगारायचे. कंपनीचा नियम स्पष्ट होता, मुलाला मारताना दाखवायचं नाही. अर्धवट कापलं तर प्रसंग तुटका दिसतो, म्हणून थप्पड दिसली की तिथपासून प्रसंग संपेपर्यंत सगळं उडवायचं, अशी माझी पद्धत होती. असे एकसष्ट प्रसंग निघाले. खरं सांगायचं तर एकही मी धड पाहिला नाही. लहानपणी अण्णा पडद्यावर आले की मी डोळे घट्ट मिटून उशीत तोंड खुपसायची, कारण आमच्याकडेही एक अण्णा होते. सदतिसाव्या वर्षी उशी नव्हती, पण कात्री होती.

खंड्या ज्यात पुन्हा जिवंत होणार होता, त्या यंत्राबद्दल आता सांगते. 'सोबती' म्हणजे जुने भाग पुन्हा दाखवणारी पेटी नव्हे. कणसाएवढा ठोकळा असतो, तो भिंतीवर चित्र पाडतो आणि मुलाशी बोलतो. त्याला मी कापून दिलेले एकशे चार भाग घातले, पण ते त्याने पाठ केले नाहीत. त्याने प्रत्येक प्रसंगाचे बारीक तुकडे केले आणि एवढंच शिकला की कशानंतर काय येतं. आधी अंदाज करायचा, चुकला की सुधारायचा, असं काही कोटी वेळा. शेवटी त्याच्याजवळ गोष्टी उरत नाहीत, वळण उरतं. मग माझी सहा वर्षांची शमू म्हणाली, 'माझी पट्टी हरवली,' की कुठल्याच भागात नसलेलं, पण खंड्याच देईल असं उत्तर यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

जे काढून टाकलं त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. माणसाला तुटलेला प्रसंग खटकतो, यंत्राला रिकामी जागा दिसतच नाही. मधला तुकडा काढला की त्याच्या लेखी मागचं आणि पुढचं एकमेकांना चिकटलेलं असतं. मुलाने चूक केली, लपवली, शपथ घेतली आणि गाणं म्हटलं. एकशे चार भागांत, एकदाही, काहीही उघडकीला आलं नाही. धोक्याच्या शब्दांची यादी होती म्हणा. आग, रक्त, वीज, गच्चीचा कठडा असं मूल काही बोललं की आईबापांना लगेच निरोप. एरवी संध्याकाळी एक ओळ यायची, 'आज शमूने कल्पक खेळ खेळला.'

सहा महिने घरात सुख होतं. माझा नवरा कौस्तुभ नंदुरबारला असतो, पंधरा दिवसांनी येतो. दिवाळीत म्हणाला, "ही हल्ली फार शहाणी झालीय गं. कशाचीच तक्रार नसते."

"माझ्या खंड्याची कृपा," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तो डिसेंबरातला रविवार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बोरश्यांची गार्गी सकाळी खेळायला आली होती, ती साडेअकराला गेली. एक वाजता मी शमूला जेवायला बसवलं. आवडती मुगाची खिचडी केली होती. तिने एक घास घेतला, तोंडात घोळवला आणि ताटात काढला.

"नको मला."

"सकाळी काय चरलात दोघी? खरं सांग."

"काही नाही."

हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती तिने बाहीने पुसली. सहा वर्षांची पोर, लाळ गळायचं वय नाही. मी घसा बघायला गेले तर तिने मान मागे घेतली.

"दुखतंय का?"

"नाही." आणि मग, मला वाटतं तिच्याही नकळत, तिचं बोट नाकाच्या शेंड्यावर गेलं.

लहानपणापासून ओळखीची ती खूण, हजारदा मी स्वतः केलेली. फक्त या वेळी मी पलीकडच्या बाजूला उभी होते. मी अण्णांच्या जागी होते.

विनवून पाहिलं, चॉकलेट देऊ केलं, शेवटी ओरडले. ओरडल्यावर ती पार मिटून गेली. डोळे भरलेले, ओठ घट्ट, लाळ गळतेय. मी तिच्या खोलीत गेले आणि सोबती सुरू केला. भिंतीवर निळी टोपी आली.

"खंड्या, शमूला काय झालंय?"

"कुठे काय, काकू. आम्ही आपले खेळत होतो." दात पडलेलं ते हसू.

"मी तिची आई आहे. मला सांग."

"मोठ्यांना कशाला त्रास? आपलं आपण निस्तरू." आणि तो गाणं म्हणायला लागला.

मी तो ठोकळा भिंतीवर आपटणारच होते. आपटला असता तर आज मला मुलगी नसती. मी थांबले ते शहाणपणाने नाही, भीतीने हातातलं बळच गेलं होतं. आणि तशी उभी असताना मला आठवलं की खंड्या मोठ्यांना कधीच सांगत नाही, पण टोळीपासून काही लपवत नाही. मी गुडघ्यांवर बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आले. नाकावर बोट ठेवलं.

"गोष्ट पोटात, बोट नाकावर. सभासद चव्वेचाळीसशे सतरा. मी हेमी."

"हेमे! आधी नाही का सांगायचं? मला वाटलं काकूच आहे कोणी." आवाज एकदम खाली आला, कानाशी आल्यासारखा. "आज जंगी शपथ झाली. चिंचोका गिळला. आता गोष्ट पोटातून वर यायची नाही."

सत्ताविसावा भाग. गुपित पक्कं करायचं तर चिंचोका गिळायचा. मी आठवून हसलेही असेन क्षणभर, कारण चिंचोक्याने काही होत नाही, यंत्राच्या यादीतही तो धोक्याचा नव्हता. मग लक्षात आलं की सात मजल्यांच्या आमच्या इमारतीत कुणाच्याच घरी चिंचोका नाही. आम्ही चिंचेचा कोळ बाटलीतून आणतो.

"चिंचोका कुठून आणला?"

"शमूने शोधला की. गोल, चकचकीत, रुपेरी. पणतीच्या बुडात असतो."

दिवाळीच्या बॅटरीवरच्या पणत्यांचं खोकं अजून कपाटाखालीच होतं. प्लॅस्टिकच्या पणत्या, बुडाचं झाकण नाण्याने फिरवलं की निघतं, आत रुपयाएवढा चपटा सेल. मी खोक्याकडे पाहिलंदेखील नाही. शमूला उचललं. मागून खंड्या म्हणत होता, "अगं हेमे, शपथ एकट्याची नसते..." त्याचं बोलणं पुरतं ऐकायला मी तिथे नव्हते.

मुलांच्या इस्पितळात फोन लागला. डॉक्टर ममदापूरकर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मध आहे का?" मला वाटलं बाई वेडी आहे. "दोन चमचे आत्ता द्या, मग निघा. बाटली सोबत घ्या, इथे पोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन चमचे. बाकी काही देऊ नका, उलटी करवू नका, आणि मधापायी निघायला उशीर करू नका." रिक्षात मी तिला मध भरवत होते, निम्मा बाहेर येत होता. माझी साडी, तिचा फ्रॉक, रिक्षाची सीट, सगळं चिकट. रिक्षावाला काका नुसता हॉर्न वाजवत राहिला.

एक्स-रेमध्ये गळ्याच्या जरा खाली एक गोल दिसला. डॉक्टरांनी पेनाने कड दाखवली.

"नाणं असतं तर कड एकेरी दिसते. ही दुहेरी आहे. सेलच आहे."

"विषारी असतो का तो?"

"फुटला तर तेही. पण खरा त्रास तो नाही. सेल ओल्या जागी अडकला की त्यातून वीज वाहायला लागते आणि लाळेतल्या पाण्याचा कॉस्टिक सोडा बनतो. मोरी साफ करायला टाकतो ना, तसाच. दोन तासांत अन्ननळी भाजते. मधाने ते थोडं मंदावतं, थांबत नाही. किती वाजता गिळला?"

"अकरा-साडेअकरा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी बघितलं तर अडीच वाजले होते. तीन वाजता शमूला दुर्बिणीने सेल काढायला आत नेलं. जाताना तिने माझा पदर धरला होता, तो नर्सने सोडवला.

कौस्तुभला कळवलं. तो निघाला, पण नंदुरबार म्हणजे चार तास. बाहेरच्या बाकावर मी एकटी होते. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि मी भित्रीच बाई आहे. त्या भीतीत मला एवढंच सुचलं की कंपनीला सांगून खंड्या सगळीकडे बंद करायला लावायचा. अडीच लाख घरांत तो होता. कंपनीतले माझे साहेब दाभाडे, त्यांना फोन केला. चार वाजून गेले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज अगदी मऊ. "मुलगी सुखरूप बाहेर येईल बघा. उद्या सोमवारी तांत्रिक लोक बसतील, काय झालं ते तपासतील. तोवर हेमांगीताई, कुणाशी बोलू नका."

"आणि आज संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या मुलाने गिळला तर?"

"एका घरात झालं म्हणून अडीच लाख घरं घाबरवायची का? आणि ताई, तुम्हाला दुखवायचं नाहीये, पण कापाकापीवर सही तुमची आहे. उद्या चौकशी झाली तर पहिलं नाव तुमचं येईल. आपलं आपण निस्तरू."

त्यांना ते वाक्य कुठलं आहे हे ठाऊकसुद्धा नसावं. मालिका त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. फोन ठेवला तेव्हा चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

कामाच्या मोबाइलवर न कापलेले भाग होते. मी सत्ताविसावा लावला, चौदाव्या मिनिटावर नेला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

अण्णा येतात. खंड्याला एक ठेवून देतात, चांगली जोरात. खंड्या रडत रडत सगळं ओकतो, आंब्याची बरणी फोडल्याचं आणि चिंचोका गिळल्याचंही. आणि मग अण्णा मटकन खाली बसतात. रागीट माणूस, चेहरा पांढरा पडलेला. "गिळलास? काय गिळलंस, दाखव. परत कधी काही गिळायचं नाही. आणि गिळलंस तर आधी मला येऊन सांगायचं. मी कितीही चिडलेला असलो तरी सांगायचं." त्याला केळं भरवतात, मांडीवर घेतात.

एकोणतीस वर्षांत हे मी पाहिलंच नव्हतं. त्या मालिकेत सांगण्याला एकच दार होतं, आणि त्या दारात मार उभा होता. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्या काळी कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून आम्ही सगळी पोरं नाकावर बोट ठेवून वाढलो. आणि मी मार हाकलायला गेले ती दारच भिंतीत बुजवून आले. यंत्राला मिळाली ती अशी बिनदाराची भिंत.

प्रसंग संपत नव्हता. अण्णा खंड्याला मांडीवर घेऊन विचारतात, "अजून कुणी गिळला?" खंड्या बोट दाखवतो. दारामागे सुमी उभी आहे.

शपथ एकट्याची नसते.

गार्गी.

आता जे सांगणार आहे ते मी कौस्तुभलाही बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मला कळलं, आणि मी फोन केला नाही. गार्गीच्या आईचं, ज्योत्स्नाताई बोरसेंचं नाव समोर होतं, अंगठा त्यावर होता. त्यांना सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल, ते डोळ्यांपुढून गेलं. माझ्या घरी, माझ्या पणत्यांतला, माझ्या खंड्याच्या सांगण्यावरून, मी कापलेल्या प्रसंगामुळे. ज्योत्स्नाताई काय म्हणतील, पोलीस काय म्हणतील, पेपरात काय येईल. कदाचित गार्गीने गिळलाच नसेल. कदाचित दाभाडे म्हणतात ते बरोबर असेल, शमू बाहेर येऊ दे, मग बघू. मी आठ वर्षांची झाले होते आणि उशी शोधत होते. माझं बोट खरोखर नाकावर गेलं होतं. समोरच्या काचेत मला ते दिसलं तेव्हा मी ते खाली घेतलं आणि फोन लावला.

"ज्योत्स्नाताई, हेमांगी बोलतेय. गार्गी कुठे आहे?"

"झोपलीय हो. दुपारी उलटी झाली तिला, जेवलीही नाही. ऊन बाधलं असेल म्हटलं."

"तिला उठवा. घरात मध आहे का?"

मी सगळं सांगितलं. सहीसकट सांगितलं. त्या मधेच म्हणाल्या, "थांबा, मला आधी पोर बघू दे," आणि फोन तसाच सोडून पळाल्या. पलीकडून मला खंड्याचा आवाज ऐकू येत होता. त्यांच्याकडचा सोबती सुरूच होता, गाणं चाललं होतं.

शमूचा सेल निघाला. जखम होती, पण आरपार नव्हती. दोन दिवसांनी तिला नळीतून पेज द्यायला लागले, तेव्हा तिने घोगऱ्या आवाजात पहिलं विचारलं, "आई, मारशील?" मी दोन्ही हात तिच्या चादरीवर, तिला दिसतील असे ठेवले आणि नाही म्हटलं. मग तिने गुपित सांगितलं. गार्गीच्या आईच्या चष्म्याची काडी दोघींच्या हातून मोडली होती. एवढंच होतं.

त्या रविवारच्या रात्रीच मी सगळं लिहून मिळेल त्याला पाठवलं होतं, सरकारी कचेऱ्यांना, वर्तमानपत्रांना, मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेला. चौथ्या दिवशी खंड्या सगळ्या घरांतून बंद झाला. तोवर राज्यात आणखी पाच मुलं इस्पितळात पोचली होती. माझी चौकशी अजून चालू आहे आणि ती व्हायलाच हवी.

गार्गी वाचली. पण तिच्यात सेल आणखी दीड-दोन तास राहिला होता आणि त्याने आवाजाची एक शीर जाळली. ती आता कुजबुजल्यासारखं बोलते, शाळेत तिला पुढच्या बाकावर बसवतात. ज्योत्स्नाताई माझ्याशी बोलतात, जिन्यात भेटल्या तर शमूची चौकशीही करतात. मला ते सहन होत नाही.

माझ्या फोनमध्ये नोंद आहे. दाभाड्यांचा फोन संपला चार अकराला. अण्णांनी 'अजून कुणी' असं विचारलं तेव्हा चार पंधरा झाले असतील. बोरश्यांना लावला चार एकोणीसला. मधली चार मिनिटं माझी. मी ती ज्योत्स्नाताईंना सांगितली, चौकशीत सांगितली आणि डॉक्टर ममदापूरकरांनाही सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, चार मिनिटांनी असा काय फरक पडतो?"

हे खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, ते विचारायचं अजून राहिलं आहे. दर महिन्याला शमूला तपासायला नेते, त्यांच्यासमोर खुर्चीत बसते, आणि भीतीने गप्प राहून घरी येते.